मुलीसाठी बॅलेचा टुटू घरी शिवायचा असेल तर

क्लासच्या ग्रुपवर मेसेज पडतो, ‘शोसाठी पांढरा टुटू लागेल’ (टुटू म्हणजे बॅले नाचताना घालतात तो नेटचा घेरदार झगा), आणि आपण तडक ठाण्याच्या जांभळी नाक्याला जाऊन नेट घेऊन येतो. जरा थांबा. आधी टीचरना विचारा की टुटू लांब हवाय की आडवा, म्हणजे कमरेभोवती ताटलीसारखा सपाट पसरणारा, कारण दोघांची नेट वेगळी, कटिंग वेगळं, शिलाई वेगळी, आणि एकासाठी आणलेली नेट दुसऱ्याला अजिबात चालत नाही.

लांब म्हणजे रोमँटिक टुटू. 12 मार्च 1832 ला पॅरिस ऑपेरात ‘ला सिल्फीद’ हे बॅले पहिल्यांदा झालं, त्यात नर्तकी मारी ताल्योनी एका परीसारख्या अशरीरी बाईचं काम करत होती आणि तिला पांढरा, घेरदार, घोट्याच्या वरच संपणारा झगा होता. ती चवड्यांच्या अगदी टोकावर नाचत होती, ते लोकांना दिसायला तर हवं ना, म्हणून घेर वर गेला. नंतर 1841 मध्ये ‘जिझेल’ हे बॅले आलं आणि हा पांढरा झगा कायमचा रुळला. शिवायला हा सोपा आहे. मऊ नेटचे चारेक थर, कमरेपासून पोटरीच्या मध्यापर्यंत, आत साटीनचं अस्तर, झालं. कडक नेट इथे वापरू नका, पोरगी गोल फिरली की घेर हळूहळू खाली उतरायला हवा, कडक नेट तशी उतरत नाही.

खरं काम आहे ते आडव्या टुटूचं, म्हणजे क्लासिकल. 19व्या शतकाच्या शेवटी इटलीच्या नर्तकी रशियात जायला लागल्या, त्यांच्या गिरक्या आणि उड्या फार अवघड असायच्या आणि लांब झगा त्यात मधे यायचा. त्यांच्यातल्या व्हर्जिनिया झुकीने तर पीटर्सबर्गमध्ये आखूड झग्याचाच हट्ट धरला. पुढे तो आखूड होत होत विसाव्या शतकात एकदम आडवा झाला, आत तारेची रिंग घातलेला.

सात-आठ वर्षांच्या मुलीसाठी मी सहा थर धरते (मोठ्या बॅले कंपन्यांच्या टुटूला दहा-बाराही असतात). वरून खाली रुंदी अशी घ्या: 10 इंच, साडेआठ, 7, साडेपाच, 4 आणि अडीच. लांबी वरच्या दोघांना 4 मीटर, मग खाली थोडी थोडी कमी करत शेवटच्याला 2 मीटर. घागऱ्याला लावतात ती कडक कॅनकॅन नेट मागा. सगळ्या पट्ट्यांची रुंदी मिळून साडेसदतीस इंच होते, म्हणजे 44 इंच पन्हा असला तरी 4 मीटरमध्ये सगळं निघतं, दुकानदार जास्त घ्या म्हणाला तरी घेऊ नका. फक्त मांडीला लागणारा सगळ्यात खालचा थर मऊ नेटचा करा, कॅनकॅन टोचते आणि पोरं स्टेजवर खाजवत बसतात. नेटचे धागे सुटत नाहीत त्यामुळे कडा दुमडायची गरजच नाही, हवं तर कात्रीने कंगोरे कापा.

थर कमरेच्या पट्ट्याला एकावर एक लावायचे नाहीत, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. आधी अंगाबरोबर बसणारी चड्डी घ्या, तिच्यावर कमरेपासून नितंबापर्यंत घट्ट योक, म्हणजे कापडाचा रुंद पट्टा, लावा. धावदोरा घालून प्रत्येक पट्टीच्या चुण्या ओढा आणि खालून सुरुवात करा, सगळ्यात आखूड थर चड्डीच्या पायाशी, मग अर्ध्या-पाऊण इंचावर पुढचा, असं करत सगळ्यात लांब थर योकच्या खालच्या कडेला. खालचे आखूड थर वरच्यांना उचलून धरतात, टुटू आडवा राहतो तो त्यामुळे.

आता हातशिलाई, आणि इथे घाई करू नका प्लीज. टुटू टेबलावर उलटा पसरा, दुहेरी दोऱ्याने एक थर पुढच्या थराला साधारण तीन-तीन इंचांवर टाचत जा, पण टाका सैल ठेवायचा, दोन थरांच्या मधे दोऱ्याचा बोटभर फास राहील इतका. टाके घातलेच नाहीत तर थर आपापले लोंबतात, आणि घट्ट घातले तर सगळं मिळून एक जाड कडं होतं, मग पोरगी नाचते आणि टुटू हलतच नाही. टाचणं नीट जमलं की तिने उडी मारून खाली आल्यावर घेर पुन्हा एकदा हलका उचलतो, ते इतकं सुंदर दिसतं की सगळ्या मेहनतीचं चीज होतं.

तारेची रिंग लहानांना नको. ग्रुप डान्स असेल तर मोठ्यांनाही नको असं माझं मत, एकमेकींना धक्का लागला की रिंगवाला टुटू एका बाजूने वर उठतो. वेशभूषाकार कारिन्स्काने 1950 मध्ये नृत्यदिग्दर्शक बॅलनशीनच्या ‘सिम्फनी इन सी’ या बॅलेसाठी बिनतारेचा, आखूड थरांचा टुटू केला, तो याच अडचणीवर. मला तोच सगळ्यात आवडतो.

वरच्या चोळीला चेन लावू नका, हूक लावा, हुकांच्या समोरच्या कडेला लूपच्या दोन-तीन ओळी ठेवा, पुढच्या वर्षी तोच टुटू सैल करता येतो किंवा धाकटीला बसवता येतो.

एक गोष्ट आयोजकांना पण सांगा. गडकरी नाट्यगृहात असो की घाणेकरमध्ये, कार्यक्रमाआधी दीपप्रज्वलन होतं आणि मग ती समई तशीच विंगेत सरकवून ठेवतात. मुली तिथेच रांगेत उभ्या असतात. पॅरिस ऑपेराची नर्तकी एमा लिव्हरी 1862 मध्ये तालमीच्या वेळी गॅसच्या दिव्याने पेटली, झगा आगीपासून वाचवणारं औषध तेव्हा होतं पण त्याने कापड मळकट आणि ताठ होतं म्हणून तिने ते नाकारलं होतं. पुढच्या वर्षी ती गेली, विसाव्या वर्षी. आपली नेट तर नायलॉनची, ती पेटते आणि वितळून कातडीला चिकटते. समई विझवायला लावा, वाईटपणा आला तरी चालेल.

इस्त्री लावायची नाही, लांबून वाफ द्या. धुवायचंही नाही, चोळीला काखेत आतून घामासाठी सुटं अस्तर लावा, तेवढंच काढून धुवा. ठाण्याच्या पावसाळी हवेत नेट मरगळते म्हणून टुटू हँगरला लटकवू नका, तो उलटा करून कपाटावर आडवा ठेवा, वर जुनी सुती साडी टाका. रिक्षातून नेतानाही उलटाच, मांडीवर.