वेबसाइटवर इंस्टा-फेसबुकचा फीड लावताय? मग या चुका टाळा

नाशकात सध्या ज्याला त्याला वेबसाइट हवीये, २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय त्यामुळे त्र्यंबकचे होमस्टेवाले, पंचवटीतले लॉजवाले, येवल्याचे पैठणीवाले सगळेच मागे लागलेत, आणि एक मागणी ठरलेली, "आमचा इंस्टाचा फीड होमपेजवर दिसला पाहिजे." मागणी रास्त आहे, पैठणीचा नवीन रंग आधी इंस्टावरच पडतो. पण फीड, म्हणजे त्या ताज्या पोस्टची पट्टी, नीट बसला नाही तर समोरच्याला दुकान बंद पडल्यासारखं वाटतं, म्हणून हे मनापासून लिहितोय.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे फीडच्या आतली सीएसएस, म्हणजे रंगरूप ठरवणारा कोड, बदलायला जाणं. फॉन्ट बदलत नाही, बटणाचा निळा रंग जात नाही, मग माणूस प्रत्येक ओळीला इम्पॉर्टंट (हाच नियम वरचढ धर असं सांगणारा शब्द) लावत सुटतो. ते होणारच नाही हो! फेसबुक, इंस्टा, एक्स (पूर्वीचं ट्विटर), यूट्यूब सगळे आयफ्रेममध्ये, म्हणजे आपल्या पानात दुसरं पान दाखवणाऱ्या चौकटीत येतात, आतलं पान दुसऱ्या डोमेनचं असतं आणि ब्राउझर तुमच्या पानाला तिथे हात लावू देत नाही. आणि ते बरोबरच आहे, नाहीतर कुठलीही साइट लॉगिन असलेल्या माणसाची माहिती आतून वाचत बसली असती. आपल्या हातात आहे तो बाहेरचा डिव्ह (फीड ज्यात बसतो तो डबा), त्याची रुंदी, कडा, सावली, मागचा रंग, आणि कंपनीने स्वतः दिलेले पर्याय, म्हणजे डार्क थीम, हेडर लपवणं, वगैरे. त्यापलीकडे डिझाइन हवं असेल तर एपीआयवरून (कंपनीने डेटा घ्यायला दिलेल्या वाटेने) फोटो आणून स्वतःची ग्रिड करा.

आता रुंदी, खरा घोळ इथेच आहे. इंस्टाच्या पोस्टचा जो कोड कॉपी करता त्यात किमान रुंदी ३२६ पिक्सेल लिहिलेली असते. आता ३६० पिक्सेलचा फोन घ्या, दोन्ही बाजूंनी २०-२० पॅडिंग (कडेची मोकळी जागा) दिलं की उरले ३२०, म्हणजे पोस्ट सहा पिक्सेल बाहेर, आणि त्या सहासाठी अख्खं पान आडवं सरकायला लागतं. मोबाइलवर पॅडिंग कमी करा किंवा ती किमान रुंदी काढून बघा, पण नुसतं ओव्हरफ्लो हिडन (बाहेर गेलेलं लपवणारा नियम) टाकून मोकळं होऊ नका, पोस्टची कड कापली जाते. फेसबुकच्या पेज प्लगइनचं (पेजचा फीड दाखवणाऱ्या तयार डब्याचं) वेगळंच, ते १८० ते ५०० पिक्सेलमध्येच चालतं, ७०० दिले तरी ५०० वरच थांबणार, त्यामुळे रुंद कॉलममध्ये ते मधोमध घ्या, बाजूला पत्ता किंवा वेळ टाका. शिवाय कंटेनरप्रमाणे, म्हणजे बाहेरच्या डिव्हप्रमाणे, रुंदी जुळवणं फक्त पान लोड होताना होतं, फोन आडवा केला की ते आपोआप बदलत नाही.

ह्याच कारणाने टॅबमध्ये किंवा पॉपअपमध्ये लपवलेला फीड गंडतो. डिस्प्ले नन (पूर्ण लपवलेलं) असताना रुंदी शून्य मिळते, मग टॅब उघडल्यावर पांढरा पट्टा. टॅब उघडल्यावरच फीड रेंडर करायचा. पान लोड झाल्यानंतर पोस्ट आणत असाल तर त्या त्या कंपनीच्या स्क्रिप्टला (फीड काढणाऱ्या कोडला) परत सांगावं लागतं, त्याच्या कमांड अशा, इंस्टाला एम्बेड्स प्रोसेस, फेसबुकला एक्सएफबीएमएल पार्स, एक्सला विजेट्स लोड. फीडच्या जागी नुसती लिंक राहिली असेल तर स्क्रिप्ट चाललीच नाही असं समजा. मग अ‍ॅडब्लॉकर बघा, फायरफॉक्सचं कडक ट्रॅकिंग प्रोटेक्शन बघा, सर्व्हरवर सीएसपी (बाहेरचं काय चालू द्यायचं याची यादी) लावली असेल तर त्यात स्क्रिप्ट आणि फ्रेम दोन्हींना परवानगी आहे का ते ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दाखवणाऱ्या खिडकीत) लाल अक्षरात लिहिलेलंच असतं. यूट्यूब दिसत नसेल तर मात्र बहुतेक वॉचवाली लिंक आयफ्रेममध्ये टाकलेली असते, तिथे एम्बेडवाली लागते, विषय संपला.

"मला तर दिसतंय" हे वाक्य मी फार ऐकतो. तुम्ही लॉगिन आहात म्हणून दिसतंय! इन्कॉग्निटोमध्ये उघडा. अकाउंट प्रायव्हेट असेल, फेसबुक पेजवर वयाची किंवा देशाची अट असेल तर बाहेरच्याला रिकामा डबा मिळतो. एक्सची टाइमलाइन २०२३ पासून लॉगिन नसलेल्याला बऱ्याचदा दिसत नाही, तिथे एकेक पोस्ट एम्बेड करणं बरं.

एपीआयवरून आणलेला फीड छान चालत होता आणि दोनेक महिन्यांनी अचानक गेला? टोकन, म्हणजे फोटो आणायची परवानगी देणारी किल्ली. इंस्टाचं लांब मुदतीचं टोकन ६० दिवस चालतं, संपायच्या आत रिफ्रेश करावं लागतं, साइटवरचं फीडचं प्लगइन ते करतंय का ते बघा, कारण क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम करणारी सोय) बंद असलेल्या स्वस्त होस्टिंगवर ते राहून जातं. आणि जुना बेसिक डिस्प्ले एपीआय ४ डिसेंबर २०२४ ला बंदच झालाय, आता एपीआयसाठी बिझनेस किंवा क्रिएटर अकाउंट लागतं, पर्सनलवर भागत नाही.

शेवटचं, फीडसाठी आधीच जागा राखा, डिव्हला किमान उंची द्या. नाहीतर फीड उशिरा येतो, खालचं सगळं ढकलतो आणि गिऱ्हाइकाचा अंगठा "बुक करा" ऐवजी भलत्याच पोस्टवर पडतो. गूगल हे हलणं मोजून त्याला आकडा देतं (सीएलएस), तो ०.१ पर्यंत असला तर चांगलं धरतं. आयफ्रेम खाली असेल तर लेझी लोडिंग (जवळ आल्यावरच उतरवणं) लावा, त्र्यंबकला गर्दीत नेट रडतं तेव्हा आधी फोन नंबर आणि खोलीचा दर दिसू द्या. आणि डब्याखाली इंस्टाची एक साधी लिंक ठेवाच, फीड आला नाही तरी माणूस तिथून पोचतो.