थोकात टोकन काढताय? या चुका टाळा

"सर, सगळ्यांना ४०१ येतोय." ४०१ म्हणजे सर्व्हर डिव्हाइसला सांगतो, 'तुझी ओळख पटली नाही.' आठवड्यातून एकदा तरी हा फोन येतोच.

अझ्युअर डीपीएस म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर डिव्हाइसांची नोंदणी करणारी सेवा. तिच्यात ग्रुप एन्रोलमेंट, म्हणजे अख्ख्या गटाची एकत्र नोंद, केली की ग्रुप की, म्हणजे गटाची गुप्त किल्ली, मिळते. त्या कीनं डिव्हाइसच्या रजिस्ट्रेशन आयडीचा एचमॅक-शा२५६ (की वापरून काढलेला ठसा) काढला की त्या डिव्हाइसची स्वतःची की तयार, आणि त्या कीनं सही केलेलं सॅस टोकन (ठरावीक मुदतीचा पास) दाखवून नोंदणी. गणित एवढंच. पण ग्रुप की बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत लिहिलेल्या रूपात, असते, ती आधी डीकोड करायची असते. तशीच कोंबली तरी स्क्रिप्ट कुरकुरत नाही, निमूट चुकीची की देते.

माझा खरा राग मात्र सीएसव्हीवर, म्हणजे आयडींची यादी येते त्या साध्या मजकुराच्या फाइलवर. एकदा ४०० पाण्याचे मीटर होते. ३९९ नापास, एक पास. दीड दिवस मी फर्मवेअरवाल्या, म्हणजे मीटरच्या आतला प्रोग्रॅम लिहिणाऱ्या, पोरांशी भांडलो. शेवटी फाइल लिनक्सच्या 'कॅट' कमांडनं, न दिसणारी चिन्हंही दाखवणारा मोठा 'ए' लावून उघडली, तर शेवटचा सोडून प्रत्येक आयडीच्या शेपटीला कॅरेज रिटर्न! विंडोजवर सेव्ह केलेली फाइल, तिथं एंटर मारला की ओळीअखेर हे चिन्ह पडतं; आणि ते न काढता ओळी तोडणारी स्क्रिप्ट माझीच. पास झालेला मीटर यादीत शेवटचा. कुणीतरी तो नोटपॅडमध्ये हातानं जोडला होता आणि एंटर मारायला विसरला होता. त्या पोरांना मिसळ खिलवावी लागली. तेव्हापासून आयडी दोन्ही बाजूंनी छाटल्याशिवाय मी एचमॅकला हात लावत नाही, आणि लॉगमध्ये आयडीशेजारी त्याची लांबीही छापतो. आयडी म्हणून आयएमईआय (मोडेमचा लांबलचक क्रमांक) असतील तर एक्सेलमध्ये तो कॉलम आधी 'टेक्स्ट' करा, म्हणजे एक्सेल त्यांना साधी संख्या समजणार नाही.

टोकनची मुदत सेकंदांत द्या. जावास्क्रिप्टचं घड्याळ मिलिसेकंद देतं. सहीतले '+', '/', '=' यूआरएल-एन्कोड करा. टोकन डिव्हाइसवरच बनत असेल तर आधी एनटीपीनं, म्हणजे इंटरनेटवरून, खरी वेळ घ्या, नाहीतर घड्याळ न लावलेल्या डिव्हाइसचं १९७० सालातलं टोकन जन्मतःच मेलेलं.

आणि ग्रुप की फर्मवेअरमध्ये टाकणारे महाभाग! "सर, एकच बिल्ड सगळ्यांना चालतं ना." चालतं की. एका मीटरची फ्लॅश (आतली मेमरी) कुणी वाचली की त्याला गटातल्या कुठल्याही आयडीची की काढता येते. मग ग्रुप की बदला आणि बसवलेल्या प्रत्येक मीटरमध्ये नवी की घालत गावभर हिंडा. मी की माझ्याच मशीनवर काढतो, मीटरमध्ये फक्त त्याची त्याची जाते. आधी एक मीटर नोंदवतो, मग दहा. घाई असलेल्यांना तोवर चहाला पाठवतो.