समुद्रात विमान शोधायला निघण्यापूर्वी

एका संयुक्त सरावात नकाशाचं टेबल माझ्याकडे होतं आणि शेजारच्या देशाचं जहाज मी २२ किलोमीटर चुकीच्या जागी पाठवलं. सराव होता म्हणून निभावलं. खऱ्या शोधात पाण्यात माणसं असतात, म्हणून ही यादी.

आधी प्रमुख कोण ते ठरवा. समुद्र शोध-बचाव क्षेत्रांत वाटलेला आहे. शेवटचा ठावठिकाणा ज्याच्या क्षेत्रात, त्याचं समन्वय केंद्र प्रमुख. घोळ होतो तो सीमेवर. ८ मार्च २०१४ ला मलेशिया एअरलाइन्सचं एमएच ३७० हे प्रवासी विमान मलेशियाच्या नियंत्रकांकडून व्हिएतनामच्या नियंत्रकांकडे जाताना रडारच्या पडद्यावरून गेलं, आणि बचाव केंद्र कामाला लागेपर्यंत चार तास उलटले होते. 'तुमच्याकडे आहे का' असं विचारत बसू नका, घंटा वाजवा.

फोन नंबर, दुभाषे, परदेशी लष्करी विमानांचे हवाई परवाने हे सगळं आधीच.

आता अक्षांश-रेखांश. ते कोणत्या पद्धतीने लिहायचे, हे पहिल्याच संदेशात ठरवा. माझ्या हातात १०.३० असा आकडा आला. पाठवणाऱ्याच्या मनात १० अंश ३० मिनिटं होती. मी तो दशांश धरला आणि १० अंश १८ मिनिटांवर पेन्सिलीने फुली मारली. अक्षांशात १२ मिनिटांचा फरक, म्हणजे १२ सागरी मैल, तेच ते २२ किलोमीटर. जहाज रिकाम्या पाण्यात फेऱ्या मारत राहिलं. 'अंश', 'मिनिटं' हे शब्द लिहाच, नुसत्या टिंबावर भागवू नका. समोरच्याकडून परत वाचून घ्या. पाळी बदलली की पुन्हा वाचून घ्या.

वेळ यूटीसीतच, म्हणजे सगळ्या देशांसाठी एकच असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत.

लष्करी रडारच्या नोंदी कुणी सहज देत नाही, कारण रडार कुठवर बघतं ते त्यातून उघड होतं. मग पूर्ण नोंद मागूच नका. फक्त जागा आणि वेळ मागा, आणि ती देणारा अधिकारी आधीच नेमून घ्या. २०१४ मध्ये पहिला आठवडा बराचसा दक्षिण चिनी समुद्रात गेला. विमान तर पश्चिमेकडे वळून दक्षिण हिंदी महासागराच्या दिशेने गेलं होतं. आणि ती जागा कळवतानाही: अंश, मिनिटं, शब्दांत.

प्रवाह मोजणारे बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणारी उपकरणं, पहिल्याच विमानातून टाका. उशिरा टाकलेला बोया आजचा प्रवाह सांगतो, अपघाताच्या दिवशीचा नाही. एकाच पट्ट्यात दोन देशांची विमानं असतील तर उंच्या वेगळ्या द्या.

ब्लॅक बॉक्सचा पिंगर, म्हणजे पाण्याखालून आवाज देऊन जागा कळवणारं यंत्र, जुन्या यंत्रांत ३० दिवसच वाजतो, नव्यांत ९०. ऐकणारं उपकरण ओढणारं जहाज लगेच निघू द्या, वरचा शोध आटपायची वाट नको. अटलांटिक महासागरात पडलेल्या एअर फ्रान्स ४४७ या विमानाचे तरंगते अवशेष काही दिवसांत मिळाले, पण तळावरचे सुमारे ३,९०० मीटर खोल होते आणि २००९ चा अपघात असून ते २०११ मध्ये सापडले.

तळाच्या शोधाचा खर्च कोण उचलणार, ते लेखी. नातेवाइकांशी बोलणारा माणूस एकच, आणि त्यांच्या भाषेत बोलणारा. दूरच्या किनाऱ्यांनाही कळवून ठेवा. एमएच ३७० च्या पंखाचा तुकडा जुलै २०१५ मध्ये हिंदी महासागराच्या पश्चिमेकडच्या रियुनियन बेटावर लागला. असा तुकडा मिळाला की चिठ्ठीवर तारीख, यूटीसी वेळ, जागा. अंश आणि मिनिटं, शब्दांत.