अभियंत्यांच्या संघटनेची निवडणूक: या चुका टाळा

सांगली-मिरजेत अभियंत्यांच्या एखाद्या संघटनेत कार्यकारी मंडळाच्या निवडणुकीवरून वाजलं, की सगळे मतमोजणीवर घसरतात. मुळातला घोळ बहुतेक वेळा महिनाभर आधीच, मतदार यादीत झालेला असतो. (हे स्वतंत्र नोंदणी असलेल्या संस्थांसाठी. अखिल भारतीय संस्थेचं स्थानिक केंद्र असेल तर मूळ संस्थेचे उपविधी आधी काढा.)

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सभासद नोंदवहीतली सगळी नावं उचलून तीच मतदार यादी म्हणून लावणं. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही आणि सभासद म्हणून मोजताही येत नाही. यातला दुसरा भाग लोक विसरतात. समजा, वहीत ३०० नावं आहेत आणि वर्गणी चुकती असलेले १८०. संस्थेच्या घटनेत गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) एकतृतीयांश असेल, तर हिशेब १८० वर, म्हणजे ६० चा. तो ३०० वर धरून १०० माणसं जमेनात म्हणून सभा तहकूब करत बसण्यात अर्थ नाही. उलट, त्या ६० मध्ये थकबाकीदार मोजले गेले, तर अख्खी सभाच अडचणीत येते.

थकबाकीदाराचं नाव वगळायला चिटणीस धजत नाही, कारण तो कॉलेजातला सोबती किंवा एकाच साइटवर घाम गाळलेला असतो. संकोच समजतो, पण उपाय सोपा आहे: वर्गणीची शेवटची तारीख आधी जाहीर करा, तात्पुरती यादी लावा, हरकतींना आठवडा द्या, मग अंतिम यादीवर सही. शेवटच्या दिवशी एकाच खात्यातून चाळीस जणांची वर्गणी जमा झाली तर? वर्गणी सभासदाच्या स्वतःच्याच खात्यातून यावी, असा नियम घटनेत किंवा सर्वसाधारण सभेच्या ठरावात आधीच हवा. पैसे आल्यावर केलेला नियम टिकत नाही.

बिनविरोधची हौस आपल्या जिल्ह्याला फार. ज्येष्ठ मंडळी एका संध्याकाळी बसतात, सिव्हिलचे इतके, मेकॅनिकलचे इतके, विटा-तासगावला एक जागा, असं ठरतं आणि सभेत नावं वाचली जातात. समझोता जरूर करा, त्यात वाईट काही नाही. पण सूचक-अनुमोदकाच्या सह्यांचा उमेदवारी अर्ज, छाननी, माघारीची मुदत आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची लेखी घोषणा, हे सगळं बिनविरोध असतानाही झालंच पाहिजे. वर्षभराने एखादा नाराज सभासद हरकत घेतो, तेव्हा संस्थेकडे दाखवायला हेच कागद लागतात.

निर्णय अधिकारी उमेदवार नसावा आणि कुणाचा सूचकही नसावा. निवडणूक न लढवणारे माजी अध्यक्ष किंवा निवृत्त प्राध्यापक चालतील. अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यावं, तोंडी नको.

नोटीस फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नका. घटनेत टपाल लिहिलं असेल तर टपालानेच, आणि पावत्या जपून ठेवा. ई-मेल चालवायचा असेल, तर आधी घटनादुरुस्ती करून घ्या.

तारखेचंही बघा. ३१ मार्चला हिशेब बंद होतात, लेखापरीक्षण हातात पडेपर्यंत ऑगस्ट उजाडतो आणि सभा नेमकी पुराच्या तोंडावर येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. अशा वेळी आपलेच सभासद पंपिंग स्टेशनवर आणि पाणी शिरलेल्या इमारतींत असतात. त्यांना मतदानापासून तोडणं अन्यायाचं आहे. अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार बरा. १५ सप्टेंबरच्या अभियंता दिनाच्या कार्यक्रमातच मतदान उरकू नका. पाहुणे, विद्यार्थी आणि मतदार यांची सरमिसळ होते.

मतपत्रिकेवर 'सात जागा, जास्तीत जास्त सात खुणा' असं ठळक छापा. आठ खुणा केल्या तर मत बाद, हे मतदानापूर्वी वाचून दाखवा. समसमान मतं पडली तर काय, हेही तेव्हाच सांगा. घटनेत तरतूद नसेल तर चिठ्ठी टाकून निकाल लावायला सर्व उमेदवारांची लेखी संमती आधी घ्या. फेरमोजणीची मागणी त्याच दिवशी, लेखी.

निकाल लागला, हार-तुरे झाले, की फाइल कपाटात जाते आणि शेवटची चूक होते. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे मंडळ बदलल्याची माहिती, दाखल करावा लागतो. मुदत चुकली तर विलंबमाफीचा अर्ज आणि सबळ कारण द्यावं लागतं. तोवर बँक नव्या सह्या घ्यायला खळखळ करते. चेंज रिपोर्टसोबत नोटीस, टपालाच्या पावत्या, अंतिम यादी, हजेरीपट, सभेचं इतिवृत्त आणि निवडून आलेल्यांची संमतिपत्रं जोडा. मतपत्रिका लाखेने सीलबंद करून, सीलवर सर्व उमेदवारांच्या सह्या घेऊन, चेंज रिपोर्ट मंजूर होईपर्यंत निर्णय अधिकाऱ्याच्या ताब्यात ठेवा.