बेळगाव भागात घर सोलारवर न्यायचं तर आधी न्हाणी, मग पंखे, छत सगळ्यात शेवटी

आमच्याकडं सोलारचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं, “बिल झिरो येऊलंय की, मग सोलार कशाला?” गृहज्योतीमुळं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या घरगुती फुकट विजेच्या योजनेमुळं, बऱ्याच घरांचं बिल खरंच झिरो येतंय, त्यामुळं विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. पण आपल्याला फुकट मिळाली म्हणून ती वीज कोळशावर तयार व्हायची थांबत नाही, ग्रीडमधनं, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनीतनं, एक युनिट घरात आलं की मागं साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतोय. आणि २०१९ च्या ऑगस्टात चिकोडी, निपाणी, अथणी, गोकाककडं लोकांच्या घरादारात पाणी शिरलेलं आपण सगळ्यांनी बघितलंय. हवा तापत जाईल तसा असा एकदम कोसळणारा पाऊस वाढत जाणार आहे, त्यामुळं हा विषय मला बिलापेक्षा मोठा वाटतो, आणि घरात बसून आपल्याला करता येण्यासारखं बरंच आहे.

सुरुवात बिलापासनंच करा मात्र. बिल कन्नडमध्ये असतंय, वाचता येत नसलं तर घरातल्या शाळेच्या पोराला वाचायला लावा, त्यांना येतंय. आरआर नंबर (आपल्या कनेक्शनचा नंबर), मंजूर लोड (किती किलोवॉटची परवानगी आहे ते) आणि महिन्याला किती युनिट जातात एवढं एका वहीत लिहून काढा, वर्षभराचं मिळालं तर उत्तम. गृहज्योतीत तुमच्या २०२२-२३ च्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून मर्यादा ठरलेली असते, तिच्यावर गेलं की वरच्या युनिटचे पैसे भरायचे आणि महिन्याला २०० च्या वर गेलं की मग सगळंच बिल भरायचं. एप्रिल-मेमध्ये पंखे, कूलर चालू झाले की कितीतरी घरं तिथंच अडकतात, म्हणजे वापर कमी करणं हे झिरो बिलवाल्यांच्यासुद्धा कामाचं आहे.

आता न्हाणी. आपल्या भागात सकाळची पहिली आग न्हाणीत पेटते, खानापूर, जांबोटीकडं हंड्याखाली लाकडं आणि शेणी, शहरात टिळकवाडी, शहापूरला गीझर. २० लिटरची एक बादली अंगावर घेण्याइतकी गरम करायला जवळपास अर्धा युनिट लागतंय, पाच माणसांचं घर म्हटलं की अडीच युनिट रोज, महिन्याला ७५. एवढं सगळं सोलार वॉटर हीटर उचलतो. चार माणसांना १०० लिटरचा पुरतो, पाच-सहा असाल तर दीडशे-दोनशेचा बघा. बोअरचं पाणी जड असलं तर क्षार धरतो, म्हणून दुकानदाराला आधीच सांगा की पाणी बोअरचं आहे आणि वर्षातनं एकदा साफ करून घ्या. टाकीपासनं न्हाणीपर्यंतचा पाइप जेवढा लांब तेवढं गार पाणी आधी वाया जातं, त्यामुळं जागा न्हाणीच्या वरच्या अंगाला धरा आणि गरम पाण्याच्या पाइपला इन्सुलेशन घालायला लावा, हे प्लंबर आपणहून करतीलच असं नाही. जून ते सप्टेंबर हंडा किंवा गीझर लागणारच, ते मान्य करून चला.

पंख्याचं एका मिनिटात सांगते. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा, ३० च्या आसपास. तीन पंखे दिवसाला बारा तास चालत असतील तर महिन्याला ४५-५० युनिट वाचतात. सगळे एकदम नको, जो सगळ्यात जास्त चालतो तो आधी बदला.

स्वयंपाकात इंडक्शन घ्या म्हणून सगळे सांगतात पण भाकरीचं कोण बोलत नाही. भाकरी फुगायला आच लागतेच, तांदळाची असो, नाचण्याची असो की अथणीकडची ज्वारीची, ती गॅसवरच करा आणि भात, डाळ, चहा, दूध इंडक्शनवर घ्या, सिलिंडर बरेच दिवस जास्त जातो. घरात तीन-चार जनावरं असतील तर मात्र मी गोबरगॅसच सांगेन. दोन घनमीटरच्या प्लांटला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं, तेवढंच पाणी मिसळून घालायचं, आणि त्यावर चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो, भाकरीसकट. वर स्लरी शेताला मिळते. शेण थापून शेणी जाळण्यात धूर बाईच्या डोळ्यात आणि छातीत जातोय, तो थांबणं हीच केवढी मोठी गोष्ट आहे.

एवढं झालं की मग छतावरचं वीज तयार करणारं सोलार, कारण वापर कमी केल्यावर ३ किलोवॉटच्या जागी २ किलोवॉटमध्ये काम भागतं. घराच्या छतावर सोलार बसवायला केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये चालू झाली, १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्याच्या वर कितीही घेतलं तरी ७८,००० सबसिडी. एक किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चार युनिट मिळतात. सरासरी हा शब्द लक्षात ठेवा, जुलैत कणकुंबीला सूर्य दिसतोय किती आपल्याला माहीत आहे, मार्च-एप्रिलमध्ये जास्त तयार झालेली वीज नेट मीटरमधनं (घेतलेली आणि दिलेली दोन्ही वीज मोजणारा मीटर) ग्रीडला जाते आणि हिशोबात धरली जाते. पॅनेल दक्षिणेला तोंड करून १५-१६ अंशात बसवायचे. शेजारच्या नारळाची सावली दुपारी कुठं पडते ते स्वतः वर जाऊन बघा, एका पॅनेलवर सावली आली तरी अख्ख्या ओळीची वीज कमी होते. कौलारू घर असेल तर वासे तपासून घेतल्याशिवाय वजन चढवू नका, परसात किंवा गोठ्यावर लोखंडी स्ट्रक्चर उभं केलेलं बरं.

कागदांत माणसं अडकतात ती एकाच ठिकाणी, मीटर अजून आजोबांच्या नावावर. अर्ज, बिल आणि बँक खातं एकाच नावाचं पाहिजे, म्हणून आधी हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या वीज कंपनीच्या, सेक्शन ऑफिसला जाऊन मीटर नावावर करून घ्या, मगच सूर्यघरच्या पोर्टलवर नोंदणी. पुढं मंजुरी, योजनेच्या यादीतला व्हेंडर (सोलार बसवून देणारा), बसवणं, नेट मीटर, तपासणी आणि त्यानंतर सबसिडी खात्यावर. पॅनेल आणि आतले सेल दोन्ही भारतात बनलेले असतील तरच सबसिडी मिळते, बिलावर तसं लिहून घ्या. गृहज्योती चालू असेल तर नेट मीटरनंतर तिचं काय होतं हे ऑफिसमध्ये विचारून लेखी घ्या. आणि व्हेंडर सांगायचं विसरतात ते मी सांगते, साधं ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय ग्रीडला जोडलेलं सोलार लाइट गेली की बंद पडतं, लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. पावसात आपल्याकडं लाइट जातेच, त्यामुळं इन्व्हर्टर काढून टाकू नका.

गाडी बदलायची वेळ आलीच असेल तर इलेक्ट्रिक स्कूटर बघा, १०० किलोमीटरला तीन युनिटच्या आसपास लागतात, येळ्ळूर किंवा उचगावहून रोज शहरात येणाऱ्याला एवढं भरपूर झालं. चालू गाडी मोडीत काढून नवी घ्यायची घाई नको.

आणि घराच्या बाहेरचं. ऊसतोडीनंतर पाला पेटवून देतात तो थांबवता आला तर बघा, खोडव्यात सरीआड पाला तसाच ठेवला तर ओल टिकते, तण कमी येतं आणि पुढं त्याचं खत होतं. एका गल्लीतली पाच-सहा घरं मिळून व्हेंडरकडं गेलात तर दरात घासाघीस करता येते. ग्रामसभा असेल तेव्हा शाळेच्या आणि पंचायतीच्या छतावर सोलार, दिवसा जळत राहणारे रस्त्यावरचे दिवे, पाणी योजनेच्या पंपाचं बिल हे विषय तोंडी न मांडता अर्जावर लिहून द्या, पोच घ्या, आणि पुढच्या सभेला तीच पोच घेऊन बायकांनी पुढं बसा.