जर्नल, मेल, ओरल: इंजिनिअरिंगला नीट लिहायचं-बोलायचं कसं

लिहिता-बोलता येत नाही, याचं खापर इंजिनिअरिंगची मुलं सरसकट इंग्रजीवर फोडतात. मग संभाजीनगरला नाहीतर नांदेडला स्पोकन इंग्लिशचा क्लास लागतो. तीन महिन्यांनी 'हाऊ आर यू' सफाईदार होतं, पण जर्नलमधलं (प्रॅक्टिकलच्या वहीतलं) कन्क्लूजन सिनियरच्या फाईलमधून उतरवणं काही थांबत नाही. एक साधी परीक्षा घेऊन बघा. परवा केलेलं प्रॅक्टिकल मराठीत, घरच्या बोलीत, दोन मिनिटं सांगा. तिथंही अडखळायला होत असेल तर अडचण इंग्रजीची नाही. काय सांगायचंय तेच अजून ठरलेलं नाही.

सरावासाठी वेगळा वेळ काढायची गरजही नाही. जर्नल, असाइनमेंट, मेल, सेमिनार, ओरल म्हणजे तोंडी परीक्षा, हे सगळं तसंही करावंच लागतं. तेवढंच मन लावून केलं तरी पुरतं. लातूर पॅटर्नमधून आलेल्या मुलांना एक फायदा असतो, रोज ठरावीक सराव करायची सवय. ती इथं कामाला येते. पाठांतराची सवय मात्र बारावीसोबतच सोडून द्यावी.

आधी तोंडी, मग कागदावर

प्रॅक्टिकल झालं की त्याच दिवशी संध्याकाळी फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि रूम पार्टनरला तीन गोष्टी सांगा: काय केलं, काहून केलं, काय निघालं. वेळ दोन मिनिटं. रेकॉर्डिंग ऐकताना जिथं 'म्हणजे ते... आपलं हे...' सुरू होतं, तिथं खूण करा. बहुतेक वेळा ती जागा 'काहून'च्या उत्तराची असते. पुस्तक उघडून तेवढंच वाचा, परत सांगा, आणि मग लिहायला बसा. पार्टनर दुसऱ्या ब्रँचचा असेल तर फारच छान, कारण त्याला कळेल असं सांगावं लागतं.

सिव्हिलच्या क्यूब टेस्टचं उदाहरण घेऊ. यात काँक्रिटचा घनाकृती ठोकळा मशीनमध्ये दाबून फोडतात आणि ताकद मोजतात. जर्नलमध्ये नेहमीचं वाक्य असतं, 'क्यूब मशीनमध्ये ठेवून लोड दिला व रीडिंग घेतले.' यात चूक काही नाही आणि उपयोगही काही नाही. काहून विचारलं की खरा मजकूर बाहेर येतो. क्यूब आडवा करून ठेवतात, म्हणजे थापीनं सपाट केलेली बाजू वर न येता साच्याला लागून असलेल्या गुळगुळीत बाजूंवर लोड येतो. थापीची बाजू खडबडीत राहते, तिच्यावर लोड सारखा पसरत नाही आणि क्यूब कमी लोडला फुटतो. लोड मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मिमी या वेगानं वाढवायचा असतो. १५० मिमीच्या क्यूबचं क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिमी, म्हणजे मिनिटाला ३१५ किलोन्यूटन. ५२० किलोन्यूटनला फुटणाऱ्या क्यूबला दीड-पावणेदोन मिनिटं लागायला पाहिजेत. तो अर्ध्या मिनिटात फुटला असेल तर लोड घाईनं दिलाय, आणि घाईच्या लोडला ताकद आहे त्यापेक्षा जास्त दिसते. हे चार मुद्दे लिहिले की जर्नल तुमचं झालं.

आता कन्क्लूजन. 'वरील प्रयोगावरून काँक्रिटची ताकद अभ्यासली' हे कुठल्याही वर्षाच्या, कुठल्याही कॉलेजच्या फाईलमध्ये चिकटवता येतं, म्हणून ते बाद. त्याऐवजी असं लिहा: 'तिन्ही क्यूब अनुक्रमे ५२०, ५३५ आणि ५२६ किलोन्यूटनला फुटले. २८ दिवसांची सरासरी ताकद २३.४ न्यूटन प्रति चौरस मिमी आली. एकही क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांपेक्षा जास्त दूर नाही, म्हणून तिन्ही रीडिंग धरली. एम २० या प्रतीच्या काँक्रिटसाठी लागणाऱ्या २० पेक्षा सरासरी जास्त आहे.' आकडा, तुलना, निर्णय. या क्रमात लिहिलेलं कन्क्लूजन मेकॅनिकललाही चालतं आणि इलेक्ट्रिकललाही.

रीडिंग चुकलं असेल तर ते मुकाट्यानं बदलू नका. एका क्यूबचा आकडा १७ आला तर १७ च लिहा आणि खाली कारण शोधा: क्यूब मधोमध बसला नव्हता का, साच्याचे कोपरे काटकोनात होते का. चुकलेल्या रीडिंगचं कारण नीट मांडणारा मुलगा ओरलला वेगळा उठून दिसतो. बाकी सगळ्यांचे आकडे एकसारखे गुळगुळीत असतात, आणि ते कुठून आले हे तपासणाऱ्या सरांना चांगलं माहीत असतं.

युनिटकडे तर डोळ्यांत तेल घालून बघावं. मेगासाठी मोठा एम, मिलीसाठी छोटा एम. मेगापास्कलच्या जागी चुकून छोटा एम पडला की मिलीपास्कल होतं आणि आकडा १०० कोटी पटीनं घसरतो. किलोसाठी छोटा के, न्यूटनसाठी मोठा एन. आकडा आणि युनिट यांच्यात एक जागा सोडायची. टेबलचं नाव वर, आकृतीचं खाली, आणि दोन्हींचा नंबर मजकुरात कुठंतरी आलाच पाहिजे. ज्या आकृतीचा मजकुरात उल्लेख नाही ती काढून टाका.

इंग्रजीत उतरवताना

मराठीत मुद्दा पक्का झाला की इंग्रजी अर्धं सोपं होतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं आपण वाक्य लांबवत नेतो आणि तीच लांबण इंग्रजीत गेली की कर्ता एकीकडे, क्रियापद भलतीकडे. १५ ते २० शब्दांच्या पुढं वाक्य गेलं की तोडा. केलेल्या कामाचं वर्णन भूतकाळात, नियम आणि सिद्धांत वर्तमानकाळात. 'ए' आणि 'द' हा प्रकार मराठीत नाही, म्हणून तो हमखास राहतो. शेवटचा एक हात फक्त त्यासाठी फिरवा: पहिल्यांदा उल्लेख आला तर 'ए' किंवा 'अ‍ॅन', त्याच वस्तूचा पुन्हा आला तर 'द'. सगळ्या जागा यात बसत नाहीत, पण बऱ्याच सुधारतात.

काही वाक्यं आपल्याकडे इतकी रुळलीत की ती चूक वाटतच नाहीत. 'मायसेल्फ अमुक' म्हणून ओळख करून देणं, 'आय अ‍ॅम बिलाँग टू बीड', 'डिस्कस अबाऊट', 'रिव्हर्ट बॅक', 'आय अ‍ॅम हॅविंग वन डाऊट'. वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या अशा चुकांची यादी ठेवा. दहा-बाराच निघतील, कारण माणूस तीच ती चूक पुन्हा करत असतो.

एआयकडून मजकूर लिहून घेण्याचा मोह होतो. वापरा, पण उलट्या क्रमानं. कच्चा मजकूर तुमचा, आणि त्याला सांगायचं की 'चुका दाखव, दुरुस्त करू नकोस.' दुरुस्ती हातानं करा. अख्खा रिपोर्ट त्याच्याकडून घेतला तर ओरलला पहिल्याच 'हे काहून?'ला भांडं फुटतं.

ऐकण्या-लिहिण्याच्या सरावाला एनपीटीईएलचे (आयआयटीच्या प्राध्यापकांचे ऑनलाइन) तास बरे. आपल्या विषयातली पाच मिनिटं ऐका, थांबवा, पाच वाक्यांत सार लिहा आणि मग तासासोबत दिलेल्या लेखी मजकुराशी ताडून बघा. आठवड्यातून दोनदा पुरे.

फायनल इयरचा रिपोर्ट पहिल्या पानापासून लिहायला घेऊ नका. आधी पद्धत आणि रिझल्ट, कारण ते हातात असतं. मग चर्चा, मग कन्क्लूजन, त्यानंतर प्रस्तावना. अ‍ॅबस्ट्रॅक्ट सगळ्यात शेवटी, दीडशे ते अडीचशे शब्दांत: प्रश्न काय, केलं काय, निघालं काय (आकड्यासकट), त्याचा उपयोग काय. स्पायरल करायला झेरॉक्सच्या दुकानात जाण्याआधी एक प्रिंट काढून मोठ्यानं वाचा. जिथं दम लागतो तिथं वाक्य लांब आहे. स्क्रीनवर न दिसलेल्या चुका कागदावर दिसतात.

मेल आणि शिफ्टची नोंद

संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीला ट्रेनिंगसाठी मेल करताना विषयाच्या ओळीत नुसतं 'रिक्वेस्ट' लिहिलं तर तो उघडलाच जाईल याची खात्री नाही. 'इंडस्ट्रियल ट्रेनिंगसाठी अर्ज, मेकॅनिकल तिसरं वर्ष, जूनमध्ये ४ आठवडे' एवढं विषयातच यावं, अर्थात इंग्रजीत. आत तीन छोटे परिच्छेद: मी कोण, काय पाहिजे आणि कधी, सोबत काय जोडलंय. समोरचा माणूस फोनवर वाचणार हे धरून चाला. 'रिस्पेक्टेड सर'च्या खाली कॉलेजचा इतिहास नको. फाईलचं नाव 'रेझ्युमे फायनल २' असं न ठेवता स्वतःचं नाव आणि ब्रँच घाला, आणि पीडीएफच पाठवा. सगळ्यात आधी फाईल जोडा, मग मजकूर लिहा, पत्ता शेवटी टाका. असं केलं की अर्धवट मेल चुकून जात नाही आणि जोडायची फाईलही राहत नाही.

रेझ्युमे एका पानाचा. वडिलांचं नाव, धर्म, 'हार्डवर्किंग अँड पंक्च्युअल' आणि खालचं डिक्लेरेशन यातलं काहीच लागत नाही. तेवढ्या जागेत प्रोजेक्टची दोन ओळींची माहिती आकड्यासह बसते.

ट्रेनिंगला गेल्यावर शिफ्ट बदलताना लिहायची नोंद शिकून घ्या. हा लेखनाचा प्रकार कॉलेजात शिकवत नाहीत, पण खरी कसोटी त्यातच लागते. 'सीएनसी ३ प्रॉब्लेम होता, केला' या नोंदीवरून पुढच्या शिफ्टला काहीच कळत नाही. 'सीएनसी ३: पहाटे ४:१० ला कूलंट प्रेशर कमी असल्याचा अलार्म. फिल्टर साफ केला, ४:३५ ला सुरू. कूलंटची लेव्हल खाली आहे, सकाळी भरायचं. ऑपरेटरला सांगितलंय.' मशीन, वेळ, काय झालं, काय केलं, काय राहिलं, कुणाला सांगितलं. जालन्याच्या रोलिंग मिलमध्येही हेच सहा मुद्दे लागतात.

सेमिनार आणि ओरल

दहा मिनिटांच्या सेमिनारला आठ ते दहा स्लाइड, अक्षरं २४ पॉइंटच्या खाली नकोत. परिच्छेद टाकला की आपण भिंतीकडे तोंड करून वाचायला लागतो, म्हणून स्लाइडवर आकृती, ग्राफ आणि मोजके शब्द. पेन ड्राइव्हमध्ये पीडीएफची एक प्रत असू द्या. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बदलला की मांडणी विस्कटते, मराठी मजकूर असेल तर चौकोन दिसतात.

सुरुवात व्याख्येनं करायची खोड मोडा. विषय भूकंपरोधक बांधकाम असेल तर 'भूकंप ही एक नैसर्गिक आपत्ती आहे' हे वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापेक्षा: '३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी हादरली. घरांच्या भिंती जाड दगड-मातीच्या, वर मातीचं जड माळवद. भिंती फाकल्या आणि छत खाली आलं.' इथून भिंतीतल्या सांधणाऱ्या दगडांकडे आणि लिंटेल पातळीच्या (दार-खिडक्यांच्या वरच्या) पट्ट्याकडे सरळ जाता येतं, आणि लातूर-धाराशिवच्या वर्गात तर मागचा बाकही ऐकतो. पहिली तीन वाक्यं आणि शेवटचं एक एवढंच पाठ करा. मधलं पाठ केलं की एक शब्द विसरला तरी सगळी गाडी थांबते. उभं राहून, घड्याळ लावून तीन वेळा बोला, त्यातलं एकदा तरी माणसांसमोर.

ओरलला उत्तराचा क्रम उलटा होतो आणि तिथं मार्क जातात. विचारलेल्याचं थेट उत्तर पहिल्या वाक्यात, मग कारण, मग स्वतःच्या प्रयोगातलं उदाहरण. येत नसेल तर गप्प बसण्यापेक्षा 'इथपर्यंत माहीत आहे, पुढचं वाचलेलं नाही' म्हणणं बरं. परीक्षक बहुधा त्या माहीत असलेल्या भागावरच पुढचा प्रश्न काढतात. इंग्रजीत अडलं तर 'मराठीत सांगू का?' असं विचारायला लाजू नका. काही परीक्षक नाही म्हणतात, पुष्कळ जण हो म्हणतात.

ग्रुप डिस्कशनमध्ये दहा जण आणि पंधरा मिनिटं म्हणजे वाट्याला दीड मिनिट. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तीन मुद्दे तयार ठेवा आणि आधीच्याचा धागा पकडून आत शिरा. आवाज चढवणाऱ्याला तिथं फारसे गुण मिळत नाहीत.

गावात माहिती गोळा करताना

पाण्यावरचा किंवा शेततळ्यावरचा प्रोजेक्ट असेल तर सर्व्हेला जावंच लागतं, आणि तिथं इंग्रजीचा काडीचा उपयोग नाही. 'डिस्चार्ज किती?' असं विचारलं तर शेतकरी मान डोलावतो आणि तोंडाला येईल तो आकडा सांगतो. विचारायचं असं: मामा, मोटर किती एचपीची? लाईट किती तास असते, दिवसा का रात्री? उसाला किती दिवसाआड पाणी देता? उन्हाळ्यात विहीर किती वेळात उपसते आणि परत भरायला किती वेळ लागतो? जमीन एकर-गुंठ्यातच विचारा आणि तशीच लिहून घ्या. ४० गुंठ्यांचा एकर, साधारण ४,०४७ चौरस मीटर, हे गणित रूमवर येऊन करता येतं. 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर येईल असा प्रश्न टाळा, आणि विचारल्यावर थोडं थांबा. कामाची माहिती पुष्कळदा पहिल्या उत्तरानंतरच्या शांततेत येते. ऐकलेलं त्याच दिवशी, एसटीत बसल्या बसल्या, त्यांच्याच शब्दांत लिहून काढा.