विषुववृत्तावरच्या करंटचा प्लॉट वाचायचा कसा

ओशनोग्राफी नवीन शिकणारे बरेच जण सरफेस करंटचा, म्हणजे समुद्राच्या वरच्या थरातल्या प्रवाहाचा, नकाशा बघतात आणि पॅसिफिकमध्ये विषुववृत्तावर पाणी पश्चिमेला जातं एवढं लिहून मोकळे होतात. शंभरेक मीटर खाली बरोबर उलटं चाललेलं असतं! म्हणून नकाशा बाजूला ठेवा आणि एकाच जागेचा खोली-वेळ प्लॉट घ्या (आडवा अक्ष वेळ, उभा अक्ष खोली, रंग म्हणजे पाण्याचा वेग), शिकायला ० अंश, १४० पश्चिमचं टाओ मूरिंग (तळाला नांगरून ठेवलेली मोजमापाची उपकरणं) बेस्ट, एडीसीपीचा (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वेगवेगळ्या खोलीवरचा पाण्याचा वेग मोजणारं उपकरण) डेटा फुकट मिळतो.

आधी पूर्व-पश्चिम वेगाचं चिन्ह. प्लस म्हणजे पाणी पूर्वेकडे चाललंय, मायनस म्हणजे पश्चिमेकडे. वाऱ्याचं मात्र उलट, तो जिथून येतो ते त्याचं नाव, इथे हमखास घोळ होतो. वरचे तीसेक मीटर रिकामे दिसले तर डेटा खराब समजू नका, खालून वर बघणाऱ्या एडीसीपीला पृष्ठभागाचा प्रतिध्वनी नडतो.

आता १०० मीटरच्या आसपास जाड प्लस पट्टा शोधा. हा अंडरकरंट, वेग सेकंदाला मीटरभर. १९५२ मध्ये टाउनसेंड क्रॉमवेल आणि सहकाऱ्यांना तो कळला कारण मासेमारीचे खोल सोडलेले दोर पूर्वेला वाहत जायला लागले. व्यापारी वारे पाणी पश्चिमेला साठवतात, तिथला दाब ते परत पूर्वेला ढकलतो, आणि विषुववृत्तावर कोरिऑलिस (पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाहतं पाणी वळवणारा परिणाम) शून्य असल्यामुळे खालचं पाणी न वळता सरळ निघतं. प्लॉटवर २० डिग्रीची समतापरेषा (पाण्याचं तापमान २० डिग्री असलेली खोली) टाकाच, पट्टा साधारण तिच्याजवळच बसतो, आणि ती रेषा पूर्वेकडे उथळ होत जाते म्हणून तोही तिकडे जाताना वर येतो.

लगेच सरासरी काढायची घाई नको. साधारण २०-३० दिवसांच्या लाटा उत्तर-दक्षिण वेगात जास्त ठळक दिसतात, तो प्लॉट वेगळा काढा. मग मासिक सरासरी: एप्रिल-मेच्या सुमारास वरचं पाणीसुद्धा पूर्वेला वळलेलं सापडेल. एल निनोची वर्षं वेगळी ठेवा, १९८२ च्या शेवटी १५९ पश्चिमला अंडरकरंट काही महिने चक्क गायब होता.

हिंदी महासागरात हे सगळं जसंच्या तसं लावू नका बरं का. तिथे अंडरकरंट मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल, आणि वर्षातून दोनदा, दोन मान्सूनच्या मधल्या काळात, पृष्ठभागाजवळून पूर्वेला धावणारा जोरदार प्रवाह, विर्टकी जेट. गोव्याच्या एनआयओने (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने) ७७, ८३ आणि ९३ पूर्वला मूरिंग टाकलीत, त्यांच्या प्लॉटमध्ये सहामाही पट्टे तिरके दिसतात, खोलात आधी आणि वर नंतर. त्याचा अर्थ ऊर्जा खालून वर येतेय असा लावू नका, पट्टा वर सरकत असला तरी ऊर्जा खालीच जात असते.